ॲपवरची इंडोनेशियन, जकार्तातली इंडोनेशियन

प्रश्न : चार महिने ॲपवर इंडोनेशियन शिकतेय. धडे सोपे गेले, पण जकार्तातल्या मुलांचे व्हिडिओ लावले की एक वाक्य कळत नाही. ॲप बदलू का?

उत्तर : नको. ऑनलाइन शिकणारे परदेशी विद्यार्थी हीच तक्रार करतात आणि ती रास्त आहे. धड्यात असते ती बातम्यांची, कचेरीची भाषा. 'मला माहीत नाही' हे तिथे 'साया तिदाक ताहू'. जकार्तातले मित्र म्हणतात 'गुए ङ्गाक ताऊ'. 'सुदाह' (झालं) चं 'उदाह' होतं, 'मनुलिस' (लिहिणे) चं 'नुलिस'. वहीत दोन्ही रूपं शेजारी-शेजारी लिहा. रोज एकच मिनिट व्हिडिओ घ्या, इंडोनेशियन सबटायटल लावून तीनदा ऐका. 'गुए' मात्र वडीलधाऱ्यांशी नको, तिथे 'साया'च.

'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार छळतो. आपल्याकडे तो जन्मापासून आहे: 'किता' म्हणजे आपण, 'कामी' म्हणजे आम्ही. मित्राला जेवायला बोलावताना 'कामी' म्हणालात, तर तो बिचारा उपाशीच! 'चिंता' शब्दापाशी मात्र सांभाळा. तिकडे त्याचा अर्थ प्रेम.

प्रश्न : शब्दकोशात शब्द सापडत नाहीत. काय चुकतं?

उत्तर : तुम्ही उपसर्गासकट शोधताय. बऱ्याच कोशांत शब्द मूळ रूपाखाली असतो, आणि 'म' उपसर्ग लागला की मूळ शब्दाचं पहिलं अक्षर अनेकदा गळतं. तुलिस–मनुलिस (लिहिणे), पुकुल–ममुकुल (मारणे), किरिम–मङिरिम (पाठवणे), सापू–मन्यापू (झाडणे). म्हणजे त, प, क, स गळतात. त्यांच्या जागी न, म, ङ, न्य येतात. शोधताना उलट चाला: 'म' काढा, गळालेलं अक्षर परत लावा. नाही सापडलं तर न लावता बघा, कारण 'मङाम्बिल' (घेणे) चं मूळ 'आम्बिल' आहे, तिथे काहीच गळलेलं नाही. 'ममासाक' (शिजवणे) चं मूळही 'पासाक' नव्हे, 'मासाक'. रोमन लिपीत या उपसर्गात 'ई' हे अक्षर लिहितात, उच्चार मात्र 'म'. सरकारी 'कामुस बसार' कोश ऑनलाइन मोफत आहे.

प्रश्न : शिक्षक ऑनलाइन घ्यायचा आहे. वेळा कशा जुळवायच्या?

उत्तर : आधी शिक्षक कुठल्या गावचे ते विचारा. जकार्ता आपल्यापेक्षा दीड तास पुढे, बाली अडीच तास. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेसहा किंवा साडेपाच.