खो द्यायला जीवावर येतं?

प्रश्न : ताई, मी रेशीमबागेत खो-खो खेळते. गडी समोर दिसला की मीच धावते, खो देत नाही. जिंकायचंच असतं ना! पण पोरी आता माझ्याशी बोलत नाहीत.
– दहावीतली, नागपूर

उत्तर : काहून बोलतील बाप्पा? आठ जणी बसून, अन् पळणार तू एकटीच! (मीही अशीच होते, म्हणून सांगते.) अगं, तुला मधली पाटी ओलांडता येत नाही, धरलेली दिशा बदलता येत नाही. पळणारी मात्र दोन्हीकडे मोकळी. ती पलीकडे गेली की तिकडे तोंड करून बसलेलीच तिला गाठणार. उद्या पहिला खो सगळ्यांत हळू पोरीला दे. चुकली तर कपाळाला आठ्या नकोत. नंतरच्या तर्री-पोह्यांचे पैसे तूच दे.