मॅकमिलन ऐकायला सुरुवात कुठून करावी?

स्कॉटिश संगीतकार जेम्स मॅकमिलन ऐकायचेत ना? मग चरित्र नंतर वाचा, आधी 'द कन्फेशन ऑफ इझोबेल गाउडी' लावा. १६६२ मध्ये चेटूक केल्याची कबुली दिलेल्या एका स्कॉटिश बाईसाठीचा हा वाद्यवृंदातला शोक. १९९० मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात तो वाजला आणि मॅकमिलन यांचं नाव झालं. मधला भाग फार कर्कश आहे. तिथे बंद करू नका! नंतर परतणारा तंतुवाद्यांचा विलाप त्या कल्लोळामुळेच आत भिडतो. मग तालवादक एव्हलिन ग्लेनीसाठी लिहिलेला तालवाद्यांचा कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) ऐका, 'वेनी, वेनी, इमॅन्युएल'. मॅकमिलन यांची कॅथलिक श्रद्धा त्यात थेट ऐकू येते. आणि हो, कमनॉक लक्षात ठेवा. स्कॉटलंडच्या एअरशरमधल्या कोळसा खाणींच्या या गावात ते वाढले. २०१४ मध्ये संगीत महोत्सवही त्यांनी तिथेच सुरू केला.