पोरांकडे नको, टीव्हीकडे बघ

पत्र: मावशी, गेल्या रविवारी धो धो पाऊस, मुलांचं खाली खेळायला जाणं बंद. मी मोठ्या हौसेने माझ्या लहानपणीची 'मालगुडी डेज' मालिका लावली. पाच मिनिटांत दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, किती स्लो आहे हे!" सात वर्षांची मुलगी उशी घेऊन आडवी झाली. मी चिडलो, टीव्ही बंद केला आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. बायको म्हणते, सोडून दे. पण मला वाटतं, माझं अख्खं लहानपणच त्यांनी नापास केलं.
— हिरमुसलेला बाबा, डोंबिवली

उत्तर: अरे, आधी एक सांग. त्या पाच मिनिटांत तू कुठे बघत होतास, टीव्हीकडे की पोरांच्या तोंडाकडे? मला उत्तर ठाऊक आहे, कारण हा प्रताप मीही केलाय. नातवाला 'ब्योमकेश बक्षी' दाखवताना दर दोन मिनिटांनी "आता बघ हं, आता बघ" चालू होतं माझं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आजी, खुनी कोण ते तूच सांगून टाक ना!"

तू मालिका दाखवत नव्हतास रे, परीक्षा घेत होतास.

आणि आपल्याला तेव्हा सगळं आवडायचं, ते काही आपण फार रसिक होतो म्हणून नव्हे. चॅनेल एकच होतं! आम्ही चाळीतली पोरं शेजाऱ्यांच्या दारात दाटीवाटीने बसून 'आमची माती आमची माणसं' बघायचो. पिकावरची कीड, खतं, फवारणी, सगळं डोळे फाडून. आमच्या घरची शेती म्हणजे तुळशीची एक कुंडी. 'साप्ताहिकी'सुद्धा चुकवायचो नाही, पुढच्या आठवड्यात काय लागणार हे कळायला. पावसाळ्यात कुणीतरी गच्चीवर अँटेना फिरवत असायचं आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" तो आठवडाभराचा उपास तुझ्या पोरांना घडलेला नाही. मग भूक तरी कुठून आणणार?

तरी 'मालगुडी' सोडू नकोस, निवड चांगली आहे. आणि पावसाळी दिवसाला याहून शोभणारं दुसरं काय आहे? बरंचसं चित्रीकरण झालं ते कर्नाटकातल्या आगुंब्यात, ज्याला दक्षिणेचं चेरापुंजी म्हणतात. 1980च्या दशकात दिग्दर्शक शंकर नाग सगळं युनिट घेऊन त्या ओल्या गावात गेले होते. मुलांना नकाशावर गाव दाखव. मालिकेतला शाळकरी पोरगा स्वामी, त्याचे कडक वडील झालेल्या गिरीश कर्नाडांचा जन्म आपल्या माथेरानचा, हेही सांग. पण मालिका संपल्यावर. आधी प्रस्तावना नको, आणि "आमच्या वेळी" हे दोन शब्द तर अजिबात नकोत.

एक शंका येते. मुलं इंग्रजी शाळेत असतील, तर त्यांना हिंदी तरी धड कळतं का? पुष्कळदा "स्लो" म्हणजे "मला कळत नाहीये". तसं असेल तर आदल्या रात्री झोपताना स्वामीची गोष्टच मराठीत सांग. वडील आंब्यांचं गणित घालतात आणि हा पठ्ठ्या आंबे पिकलेले की कच्चे यातच अडकतो, एवढं सांगितलंस तरी पुरे. गणिताला घाबरणारं पोर त्याला लगेच ओळखील. मग एकच भाग लाव. ओळीने चार नकोत.

'रामायण' लावलंस आणि आकाशात एकमेकांवर आदळणारे बाण बघून पोरं खिदळली, तर खिदळू दे. 1987 साली आपण हात जोडून बसलो होतो, म्हणून त्यांनीही बसावं असं नाही. मुलगी झोपली तर पांघरूण घाल. बाहेर पाऊस, बाबा शेजारी, अशी झोप मोठेपणी कुठे मिळते! आणि मुलगा उठून गेला तर तू उठू नकोस. आवडतंय ना तुला? मग बघत बस, एकटाच हस. भजीची ताटली मात्र स्वतःजवळ ठेव. पोरं येतात परत, निदान ताटलीपर्यंत तरी.

नंतरचा अर्धा तास त्यांचा. ते लावतील ते बघायचं, आणि पाच मिनिटांत "किती फास्ट आहे हे!" म्हणायचं नाही.

— मावशी