ऑस्प्रे या मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्याची जोडी बघायला नवीन आहात ना? हे करा

अरे वा, स्वागत! लाइव्ह कॅमेऱ्यावर ब्रिटनची जोडी बघताय तर आधी वेळ लक्षात ठेवा, त्यांचे पहाटेचे ५ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेनऊ, मी लोकलमध्येच बघते.

सुरुवातीला एवढंच:
- आधी नर-मादी ओळखा. मादी मोठी, छातीवरचा तपकिरी पट्टा बहुतेक गडद. मासे मुख्यतः नर आणतो, बरेचदा डोकं खाऊन उरलेला, तेव्हा अर्धा मासा बघून घाबरू नका
- मग रिंग, म्हणजे ओळखीसाठी पायात घातलेलं कोडवालं कडं. स्कॉटलंडची डाव्या पायात, इंग्लंड-वेल्सची उजव्या, कोड खालून वर वाचायचा

सगळे एक चूक करतात, एका अंधुक फ्रेमवरून कोड ठरवून टाकतात. निदान तीन स्क्रीनशॉट जुळू देत, अर्धवट दिसलं तर अर्धवटच लिहा. अंडी साधारण ३७ दिवस उबवतात, धीर धरा, खूप मजा येते!