गेम बनवताना यूएक्स डिझाइनरचं नेमकं काम काय असतं?

तुम्ही विचारलंय की लहान टीमने मेन्यू आणि बटणं शेवटी कोणाकडून तरी करून घेतली तर चालणार नाही का. चालेल, पण तो फक्त यूआय, म्हणजे पडद्यावरची मांडणी, झाला. यूएक्सचं, म्हणजे खेळाडूला येणाऱ्या अनुभवाचं, काम बरंच आधी सुरू होतं, लेव्हलमध्ये खऱ्या चित्रांऐवजी नुसते राखाडी ठोकळे असतात तेव्हापासून.

साध्या ॲपमध्ये अडचण दिसली की काढून टाकायची, विषय संपला. गेममध्ये अडचण हाच तर माल! म्हणून इथे पाहायचं ते वेगळं: खेळाडू जिथे अडतोय, तिथे त्याने अडावं असं आपल्याला हवं होतं का? बॉसकडून (लेव्हलच्या मोठ्या शत्रूकडून) तो दहा वेळा मेला तरी हरकत नाही. बॉस वार करणार हे दिसलंच नाही म्हणून मेला, तर दोष आपला.

उडीचंच बघा. खेळाडू कड्याच्या टोकाला बटण दाबतो, पण तीन फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) उशिरा. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) हा उशीर ५० मिलिसेकंदांचा, त्याला जाणवतही नाही. कोडच्या हिशेबाने मात्र पात्र हवेत गेलेलं असतं, त्यामुळे उडी नाही. 'मी दाबलं होतं!' म्हणून तो चिडतो, आणि त्याच्या बाजूने ते खरंच असतं. उपाय म्हणजे कड सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करायची. याला कायोटी टाइम म्हणतात. 'सेलेस्ट' या उड्या मारण्याच्या गेममध्ये (२०१८) ही सवलत ०.१ सेकंदाची आहे. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. फार वाढवलीत तर पात्र हवेवर पाय देऊन उडाल्यासारखं दिसतं. आणि उडी घेतल्याक्षणी या सवलतीचा टायमर शून्य करा, नाहीतर हवेत दुसरी उडी फुकट मिळते. हा बग हमखास होतो. जमिनीला टेकण्याच्या जरा आधी दाबलेलं बटणही असंच लक्षात ठेवावं लागतं.

अशा जागा सापडतात त्या प्लेटेस्टमध्ये, म्हणजे लोकांना गेम खेळायला देऊन बघताना. एका फेरीला पाच-सहा माणसं पुरतात, पण कोरी हवीत. एकदा खेळलेला माणूस सुरुवातीची दहा मिनिटं तपासायला निरुपयोगी. स्क्रीन आणि हात दोन्ही रेकॉर्ड करा. 'आता काय करू?' असं त्याने विचारलं तर 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच म्हणा. ज्याने ते फीचर लिहिलंय त्याला शेजारी बसवू नका, त्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. खेळाडूची तक्रार लिहून घ्या, पण त्याने सुचवलेला उपाय लगेच अमलात आणू नका. 'शत्रू फार दणकट आहे' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं की वार लागल्याचा आवाज येत नाही किंवा झटका दिसत नाही. तेव्हा शत्रूची हेल्थ कमी केलीत तर लढाई फुसकी होते आणि गोंधळ तसाच राहतो.

ट्यूटोरियलच्या मजकुराच्या खिडक्या बहुतेक जण न वाचताच बंद करतात. शिकवायचं ते लेव्हलच्या रचनेतूनच शिकवा.

बाकी किरकोळ वाटणारं: मोबाइलवर बटण किमान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं पडद्यावरच्या आकाराचं एकक), आणि महत्त्वाची माहिती अंगठ्याखाली झाकली जाईल अशी ठेवू नका. शत्रू-मित्र फक्त लाल-हिरव्या रंगाने दाखवू नका, आकारही वेगळा द्या. बटणं बदलायची सोय पहिल्यापासूनच ठेवा. 'ए दाबा' हे चित्रातच रंगवून ठेवलं, तर नंतर प्रत्येक चित्र पुन्हा काढत बसावं लागतं.