वाचक विचारतात : फिनच्या मिलिमीटरांचा हिशेब

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने गेली चार वर्षे मी सिडनीत राहतो आणि दोन वर्षांपासून मॅनलीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकतो आहे. अलीकडे तीन फिन्सचा, म्हणजे शेपटीकडे तळाला बसवलेल्या तीन पात्यांचा, एक जुना बोर्ड विकत घेतला. त्याच्या फिन्स ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या, पूर्ण आत जाणाऱ्या बारीक स्क्रूने) आवळण्याच्या जुन्या पद्धतीच्या आहेत. त्यांतले दोन स्क्रू पूर्ण आत जात नाहीत, मिलिमीटरभर बाहेर राहतात. मधल्या फिनचे बूड आणि बोर्ड यांच्यात बारीक फट दिसते. शिवाय डाव्या फिनची खोबण कधीतरी उखडून पुन्हा बसवलेली असावी, कारण त्या फिनचे पुढचे टोक उजवीपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर जास्त आत वळलेले आहे. बरोबरचे काही जण म्हणतात की या सगळ्यामुळे पाण्याचा रोध वाढतो आणि वेग मरतो. काही म्हणतात, शिकाऊ माणसाला त्याने काय फरक पडणार? खरे काय?
— एक वाचक, सिडनी

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारी मिलिमीटरांच्याच असल्या तरी त्यांना एका तागडीत घालता येणार नाही. त्यांतली एक विसरून जाण्याजोगी आहे, दुसरी पाच मिनिटांत सुटणारी आहे आणि तिसऱ्यासाठी बोर्ड कारागिराकडे न्यावा लागेल. कोणती कुठल्या प्रकारची, हे ठरवण्यासाठी थोडे गणित करावे लागते. ते ढोबळ असले तरी निर्णयापुरते पुरेसे आहे.

लाटेवर सरळ घसरताना बोर्डाचा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरू. मध्यम आकाराच्या एका फिनच्या एका बाजूचे क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंटिमीटर भरते. फिनच्या दोन्ही बाजूंना घासून जाणारे पाणी आणि फिनच्या जाडीमुळे पडणारा भार एकत्र केला, तर तिन्ही फिन्स मिळून बोर्डाला मागे ओढणारे बल जेमतेम अर्ध्या किलोच्या वजनाइतके होते. पंचाहत्तर किलोंचा सर्फर आणि त्याचा बोर्ड यांना मिळून पाणी जो रोध करते, तो याच वेगाला आठ-दहा किलोंच्या आसपास असतो. म्हणजे सरळ जाताना तीनही फिन्स काढून टाकल्या तरी रोधातला सोळावा ते विसावा भागच वाचेल (आणि बोर्ड आडवा होऊन आपण पाण्यात पडाल, ते वेगळेच).

आता आपला स्क्रू. पाच मिलिमीटर रुंदीचे त्याचे टोक एक मिलिमीटर बाहेर आले आहे, असे समजले तर त्याच्यामुळे वाढणारा रोध सहा-सात ग्रॅमच्या वजनाइतका येतो. प्रत्यक्षात तो याहूनही कमी असणार, कारण बोर्डाच्या तळाला चिकटून वाहणारा पाण्याचा पातळ थर बाहेरच्या प्रवाहापेक्षा मंद असतो आणि स्क्रूचे टोक त्या थरातच बुडालेले असते. दोन स्क्रूंचे मिळून बारा ग्रॅम. लाटेवर जाण्याआधी, पाय घसरू नये म्हणून बोर्डावर आपण जे मेण घासता, त्याचे वजनही याहून जास्त असेल. तेव्हा वेगाच्या चिंतेने या स्क्रूंकडे पाहू नये. मात्र स्क्रू पूर्ण आत जात नसेल, तर खोबणीत वाळू अडकलेली असण्याची किंवा आटे गेलेले असण्याची शक्यता असते आणि तसा स्क्रू फिनला घट्ट धरत नाही. खोबण गोड्या पाण्याने धुऊन, स्क्रू नवे घालून, ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) हलक्या हाताने आवळावेत. जोर करून आवळल्यास खोबण तडकते, हे लक्षात असू द्यावे.

फटीची गोष्ट थोडी निराळी आहे. फिन वळणात काम करते तेव्हा तिच्या एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. दाबांतल्या या फरकावरच तिची पकड अवलंबून असते. जास्त दाबाचे पाणी कमी दाबाच्या बाजूकडे पळू पाहते. फिनच्या मोकळ्या टोकाशी ते पळतेच, पण बुडाशी बोर्डाचा तळ त्याला अडवतो. तिथे फट राहिली, तर तिकडूनही पाणी निसटते आणि फिन आहे त्यापेक्षा आखूड असल्यासारखी वागू लागते. केसाएवढ्या फटीने आपल्याला काही जाणवणार नाही. उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसणारी फट असेल, तर मात्र फिन काढून, खोबण साफ करून नीट बसवावी. फटीत मेण भरण्याचा काही जणांचा सल्ला निरुपद्रवी आहे, पण नीट बसलेल्या फिनला त्याची गरज पडत नाही.

खरा प्रश्न डाव्या फिनचा आहे.

तीन फिन्सच्या बोर्डावर कडेच्या दोन फिन्स बोर्डाच्या मध्यरेषेला समांतर नसतात. त्यांची पुढची टोके मुद्दाम आत वळवलेली असतात. याला टो-इन म्हणतात आणि ते एका फिनमागे साधारण तीन ते सहा मिलिमीटर असते. सरळ जातानाही त्यामुळे दोन्ही फिन्स आतल्या बाजूला ढकलल्या जातात, पण त्यांची बले एकमेकींना खोडून काढतात. आपल्या बोर्डावर डावी फिन तीन मिलिमीटर जास्त वळलेली असेल, तर साडेअकरा सेंटिमीटर लांबीच्या बुडावर हा फरक सुमारे दीड अंशाचा होतो. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु त्यातून निर्माण होणारे बाजूचे बल त्याच वेगाला एक किलोच्या आसपास जाते आणि ते बोर्डाच्या अगदी शेपटीशी लागते. शेपटी उजवीकडे ढकलली जाते आणि नाक डावीकडे वळू पाहते. आपण नकळत पायाने ते सावरत असणार आणि एका बाजूची वळणे सोपी, दुसऱ्या बाजूची अवघड का जातात, याचा दोष स्वतःच्या शिकण्याला देत असणार.

गंमत अशी की, याच फरकामुळे वाढणारा रोध दहा ते तीस ग्रॅमचाच आहे. वेग मरतो, हे आपल्या मित्रांचे म्हणणे त्यामुळे टिकत नाही, आणि काहीच फरक पडत नाही, हेही टिकत नाही. फिनचा कोन प्रामुख्याने बोर्डाच्या वागणुकीवर परिणाम करतो. रोधाचे देणे पुढे, जोरात वळताना भरावे लागते. फिन प्रवाहाशी दहा अंशांचा कोन करते तेव्हा एकट्या फिनचा रोध सरळ जातानाच्या तिपटीवर जातो. त्यापुढे कोन आणखी वाढत गेला, तर पाणी फिनच्या पृष्ठभागापासून सुटते आणि पकड एकदम जाते. चुकीच्या कोनात बसवलेली फिन या मर्यादेला दुसरीच्या आधी पोहोचते.

मोजमाप पुन्हा एकदा करावे. बोर्ड उलटा ठेवला की डावे-उजवे बदलते आणि पुष्कळ जण इथेच फसतात. बोर्डाच्या नाकापासून शेपटीपर्यंत दोरा ताणून मध्यरेषा पक्की करावी आणि प्रत्येक फिनच्या बुडाच्या पुढच्या व मागच्या टोकाचे दोऱ्यापासूनचे अंतर मोजावे. त्या दोन अंतरांतला फरक म्हणजे त्या फिनचे टो-इन. दोन बाजूंत एक मिलिमीटरची तफावत निघाली, तर सोडून द्यावी. तीनच निघाली, तर खोबण काढून पुन्हा बसवण्याचे काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्यावे.

फिनची धार मात्र आजच पाहा. पुढच्या धारेला, विशेषतः टोकाजवळ, खडकावर आपटून खाच पडली असेल, तर तिथून पाणी लवकर सुटते, पृष्ठभागावरची हवा खाली ओढली जाते आणि वळणाच्या मध्यावर बोर्ड घसरतो. बारीक पॉलिश पेपरने ती गुळगुळीत करता येते. मागची धार जाड किंवा वेडीवाकडी असली की वेगात फिन गुणगुणल्यासारखा आवाज करते; तोही घासून जातो. मला विचाराल, तर स्क्रूंवर गेलेली चर्चा या धारांवर व्हायला हवी होती.

आपण ज्या किनाऱ्यावर शिकता, त्याच्या उत्तरेला नॅराबीन आहे आणि आपल्यासारखा तीन फिन्सचा बोर्ड तिथल्याच माणसाने घडवला, म्हणून हेही सांगावेसे वाटते. १९३५ मध्ये अमेरिकी सर्फर टॉम ब्लेक याने हवाईत एका मोटरबोटीच्या तळाचा कणा बोर्डाला लावला, ती सर्फबोर्डावरची पहिली फिन मानली जाते. पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स दोन फिन्सच्या बोर्डावर जगज्जेता ठरला. नॅराबीनचा सायमन अँडरसन धिप्पाड होता आणि दोन फिन्सचा बोर्ड त्याच्या पायाखालून निसटत असे. म्हणून त्याने १९८० मध्ये तीन सारख्या आकाराच्या फिन्सचा बोर्ड तयार केला आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच बेल्स बीचची स्पर्धा त्यावर जिंकली. रोधाचाच विचार केला असता, तर तिसरी फिन लावणे हा तोट्याचा व्यवहार होता. अँडरसनला पकड हवी होती आणि वळणातून बाहेर पडताना टिकून राहिलेला वेग त्या पकडीतूनच आला.

प्रश्न : गोव्यात आश्वे येथे मी एका फिनचा नऊ फुटी लाँगबोर्ड वापरते. त्याची फिन लांबट खोबणीत पुढे-मागे सरकवता येते. ती इंचभर पुढे घेतली की बोर्ड एकदम हलका वळतो. फिन तीच, पाणी तेच, मग रोध कमी होतो का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : रोध जवळपास तेवढाच राहतो, बदलतो तो तरफेचा दांडा. वळताना आपला मागचा पाय ज्या जागी दाब देतो, तिच्यापासून फिन जितकी मागे, तितका ती वळण्याला जास्त विरोध करते आणि बोर्ड सरळ रेषेत ठाम राहतो. ती पुढे, पायाच्या जवळ आली की हा विरोध कमी होतो. पावसाळा सरल्यावर आपल्याकडे मिळणाऱ्या मऊ, कमी उंचीच्या लाटांवर फिन मध्याच्या थोडी पुढे ठेवलेली बरी वाटेल. बोर्डाच्या नाकापर्यंत चालत जाण्याचा सराव करायचा असेल, तर मात्र ती मागे न्यावी, कारण आपण पुढे उभ्या असताना शेपटी जागेवर धरून ठेवायला तीच असते. एका वेळी अर्ध्या इंचाहून अधिक सरकवू नये. आधीच्या जागेवर पेन्सिलीची खूण करून ठेवावी, आणि शक्य तर मैत्रिणीला फिन बसवायला सांगून ती कुठे बसवली आहे हे न पाहता पाण्यात उतरावे. पाच-सहा लाटांनंतर जागा ओळखता आली, तर तो फरक आपल्या कामाचा आहे.