नारळीकरांनंतर मराठीत विज्ञानकथा उरली आहे का? नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी?

खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर गेल्यावर मराठीत विज्ञानकथा उरलीय का, आणि आजवर काहीच वाचलेलं नसेल तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. उरलीय. आणि सुरुवात नारळीकरांपासूनच करा.

मी बेळगावचा. घरात मराठी, ऑफिसात दिवसभर कन्नड. २० मे २०२५ ला सकाळी नारळीकर पुण्यात वारल्याची बातमी आली आणि त्याच रात्री लंडनमध्ये बानू मुश्ताक यांच्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. अनुवाद दीपा भास्ती यांचा. कन्नडला हा मान पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या कन्नड मित्रानं कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, आणला. माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "तुमचे ते शास्त्रज्ञ गेले म्हणे. ते गोष्टीपण लिहायचे?"

मी त्याला १९७४ ची हकीकत सांगितली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर या स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं उलट्या क्रमानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. एवढं नाव असलेल्या माणसानं नावाची ओळख बाजूला ठेवून परीक्षा दिली, हे आठवलं की अजून माझा ऊर भरून येतो.

तुम्ही मात्र आधी त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचा. १७६१ ला पानिपतात मराठे जिंकले असते तर? इतिहासाचे एक प्राध्यापक त्या दुसऱ्या जगात जाऊन पोचतात. आम्हा सीमाभागातल्यांना ही कथा वेगळीच भिडते. १९५६ ला राज्यांची रेघ जरा इकडं ओढली असती तर आपलं काय झालं असतं, ही चर्चा आमच्याकडं जेवणाच्या पानावर होते. माझ्या आजोबांनी ती आयुष्यभर केली. त्यामुळं 'असं झालं असतं तर' हा प्रश्न आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही.

त्यानंतर जी. ए. कुलकर्णी. त्यांना विज्ञानकथाकार कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण अद्भुताची ओढ असलेल्या वाचकाला कुणी त्यांच्याकडं पाठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. शाळेत त्यांची ओळख नियती आणि दुःख एवढीच होते. 'रमलखुणा'तली 'इस्किलार' कुठल्याच नकाशावर नसलेल्या प्रदेशात घडते. तिथली नावं, रीती, देव सगळं जीएंनी स्वतः घडवलेलं. मी अकरावीत असताना ती निपाणीच्या बसमध्ये वाचायला घेतली आणि उतरायचा स्टॉप मागं गेला तरी कळलं नाही. जीए जन्मले आमच्याच जिल्ह्यात, एकसंब्याला, १९२३ ला. नारळीकर कोल्हापूरला, १९३८ ला. दोन्ही गावांत अंतर किती, तर एसटीनं सकाळी जाऊन दुपारी परत यावं एवढं.

मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. क्रम तुमचा तुम्ही लावा, पण जावडेकर लवकर घ्या. यंत्रापेक्षा माणसाचं डोकं कसं चालतं यात त्यांना जास्त रस आहे आणि आजच्या एआयच्या गलबल्यात ते फार जवळचे वाटतात. पुस्तकं दुकानात दिसली नाहीत तर जुन्या वाचनालयात जाऊन विचारा. आमच्या इथं मला निम्मी तिथंच मिळाली, पाठीमागच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेली.

फोंडक्यांनी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा एक इंग्रजी संग्रह संपादित केलाय, त्यात मराठीबरोबर कन्नड कथाही आहेत. तो मी कुंदावाल्या मित्राला दिला. बदल्यात त्याला 'इस्किलार' हवी झाली. त्याला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी रोज दोन-तीन पानं मोठ्यानं वाचतो आणि अडेल तिथं कन्नडमध्ये सांगतो. अजून निम्मी व्हायचीय.